कुलूप विंडोजनं लावलं, पण किल्ली कुणाकडे? : बिटलॉकरच्या निळ्या स्क्रीनमागचं कारण आणि त्यावरचा उपाय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. त्या सुमारास अनेकांनी नवा लॅपटॉप घेतला, तर अनेकांनी जुन्याच मशीनची हार्ड डिस्क साफ करून त्यात विंडोज ११ टाकून घेतलं. या बदलासोबत आणखी एक गोष्ट गुपचूप घरात आली. सिस्टिम ड्राइव्ह, म्हणजे आपला सी ड्राइव्ह, आपोआप एन्क्रिप्ट होऊ लागला.

मी जरीपटक्यात राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की शेजारपाजारचे लॅपटॉप तुमच्याकडे येणारच. पूर्वी तक्रार एकच असायची, "भाऊ, स्लो झालाय, बघ ना." आता दुसरी ऐकू येते, "सकाळी चालू केला तर निळी स्क्रीन आली, अठ्ठेचाळीस आकडी नंबर मागतोय. व्हायरस आहे का?"

व्हायरस नाही. बहुतेक वेळा मशीनही बिघडलेलं नसतं. कुलूप जसं चालायला हवं तसंच चाललेलं असतं. अडचण अशी की कुलूप लावताना मालकाला कुणी विचारलं नाही आणि किल्ली कुठे ठेवली तेही सांगितलं नाही. हा लेख त्या किल्लीबद्दल आहे. ती मिळवायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं निळी स्क्रीन येण्याआधीची असावी लागतात.

नेमकं काय बदललं?

विंडोजमध्ये दोन नावं दिसतात. प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर' आणि होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. आत यंत्रणा एकच आहे, होममध्ये फक्त बटणं कमी आहेत. डिव्हाइस एन्क्रिप्शन विंडोज ८.१पासून अस्तित्वात आहे, पण ते आपोआप चालू होण्यासाठी हार्डवेअरच्या अटी कडक होत्या. आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त आणि मध्यम किमतीच्या मशीन त्या अटींत बसतच नव्हत्या.

१ ऑक्टोबर २०२४ला सर्वांसाठी आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीनं त्यातल्या काही अटी काढून टाकल्या. आता मशीनमध्ये टीपीएम चिप असेल, सिक्युअर बूट चालू असेल आणि नव्यानं सेटअप करताना तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन-इन केलं, तर एन्क्रिप्शन चालू होतं. होम आवृत्तीतही. जुन्या विंडोज ११वरून फक्त अपग्रेड केलं तर ते आपोआप चालू होत नाही. मात्र डिस्क साफ करून नवं विंडोज टाकलं तर होतं. आणि आपल्याकडे दुरुस्ती म्हटलं की फॉरमॅट मारणं हा पहिला उपाय असतो.

चालू होताना विंडोज एक ४८ आकडी रिकव्हरी की तयार करतं आणि ती साइन-इन केलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवतं. आपल्याकडची खरी गोम इथे आहे. बर्डीतल्या दुकानातून लॅपटॉप घेतला की आपण सहज म्हणतो, "दादा, सगळं टाकूनच द्या." दुकानातला मुलगा सेटअप करतो. त्याला तुमचा ईमेल आणि पासवर्ड माहीत नसतो. मग तो स्वतःचा ईमेल टाकतो, किंवा पाच मिनिटांत नवा ईमेल काढतो आणि विसरून जातो. लॅपटॉप तुमचा, डेटा तुमचा, आणि किल्ली अशा अकाउंटमध्ये जे पुन्हा कुणी उघडणार नाही.

दुसरा प्रकार घरातलाच. सेटअप मुलीनं तिच्या कॉलेजच्या ईमेलनं केलेला असतो. असं कॉलेजचं किंवा ऑफिसचं अकाउंट असेल तर की त्या संस्थेच्या यंत्रणेत जाते. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला, की किल्लीही गेली असंच समजा.

मशीन सुरू होताना आत काय घडतं?

रोज लॅपटॉप उघडताना तुम्ही ४८ आकडे टाकत नाही. मग कुलूप उघडतं कोण? टीपीएम.

टीपीएमला सोसायटीचा वॉचमन समजा. त्याच्याकडे फ्लॅटची किल्ली ठेवलेली आहे, पण ती तो कुणालाही देत नाही. मशीन सुरू होताना कोणतं फर्मवेअर चाललं, सिक्युअर बूट चालू आहे का, त्याच्या प्रमाणपत्रांची यादी तीच आहे का, बूट लोडर कुणाच्या सहीचा आहे, अशा गोष्टींचं मोजमाप होतं आणि ते टीपीएमच्या रजिस्टरमध्ये चढतं. एन्क्रिप्शन चालू झालं त्या दिवशी जे मोजमाप होतं तेच आज असेल, तर टीपीएम किल्ली देतो आणि विंडोज उघडतं. एवढं सगळं काही सेकंदांत होतं.

मोजमाप जुळलं नाही तर टीपीएम गप्प बसतो. हे चोरानं केलं की मेकॅनिकनं, ते त्याला कळत नाही आणि ते कळणं त्याचं कामही नाही. मग विंडोज म्हणतं, की वॉचमन ओळखत नाहीये, तुमच्याकडची किल्ली दाखवा. हीच ती निळी स्क्रीन.

मोजमाप बिघडवणाऱ्या गोष्टी रोजच्याच आहेत:

- बायोस म्हणजे फर्मवेअर अपडेट केलं.
- मदरबोर्ड बदलला. टीपीएम तिथेच असतो, म्हणजे वॉचमनच नवा आला.
- जुन्या मशीनमधला बायोसचा सेल संपला आणि सगळ्या सेटिंग मूळ जागी गेल्या. त्यात टीपीएम किंवा सिक्युअर बूट बंद झालं तर झालं काम.
- पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकण्यासाठी कुणीतरी सिक्युअर बूट बंद केलं किंवा बूटचा क्रम बदलला.
- दुरुस्ती करणाऱ्यानं बायोसमध्ये जाऊन टीपीएम 'क्लिअर' केला.
- विंडोजचा एखादा अपडेट चुकला.

शेवटचं कारण सगळ्यात चीड आणणारं आहे, कारण त्यात वापरणाऱ्यानं काहीच केलेलं नसतं.

अपडेटनंच दार लावलं, तेही अनेकदा

ऑगस्ट २०२२मध्ये सिक्युअर बूटची नाकारलेल्या सह्यांची यादी ताजी करणारा केबी५०१२१७० हा अपडेट आला आणि काही मशीन रिस्टार्टनंतर रिकव्हरी की मागू लागल्या. ९ जुलै २०२४च्या अपडेटनंतर पुन्हा तेच झालं. त्यात विशेषतः डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असलेल्या मशीन अडकल्या, आणि दुरुस्ती १३ ऑगस्टच्या अपडेटमध्ये आली.

१३ मे २०२५ला विंडोज १०साठी केबी५०५८३७९ आला. इंटेलच्या दहाव्या किंवा पुढच्या पिढीच्या व्हीप्रो प्रोसेसरवर टीएक्सटी ही सुविधा चालू असेल, तर विंडोजची एक महत्त्वाची प्रक्रिया मध्येच बंद पडायची. मशीन 'ऑटोमॅटिक रिपेअर'मध्ये जायची, आणि ड्राइव्ह एन्क्रिप्टेड असल्यामुळे रिपेअरला आत जायलाही की लागायची. सहा दिवसांनी, १९ मेला, मायक्रोसॉफ्टला वेगळा तातडीचा अपडेट काढावा लागला. व्हीप्रो मशीन बहुतांशी कंपन्यांत असतात, त्यामुळे हा फटका ऑफिसांना बसला.

ऑक्टोबर २०२५मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. १४ ऑक्टोबरच्या अपडेटनंतर काही इंटेल मशीन की मागू लागल्या. त्याच अपडेटमुळे विंडोज ११च्या रिकव्हरी विभागात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. ही दुसरी चूक २० ऑक्टोबरच्या तातडीच्या अपडेटनं सुधारली. म्हणजे किल्ली हातात असूनही दुरुस्तीच्या खोलीत गेल्यावर काहीच दाबता येत नाही, अशी पाळी काहींवर आली.

पण या सगळ्यात मोठा धडा मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा नव्हताच. १९ जुलै २०२४ आठवा. मुंबई विमानतळावर चेक-इन हातानं चाललं होतं, हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो फिरत होते, इंडिगोची जवळपास २०० विमानं रद्द झाली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष फाइल पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. फक्त ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात ८५ लाख विंडोज मशीन पडल्या.

फाइल मागे घेतली तरी पडलेल्या मशीन उठेनात, कारण त्या सुरूच होत नव्हत्या. उपाय तसा सोपा होता. सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल काढून टाकायची, रिस्टार्ट करायचं. पण ज्या मशीनवर बिटलॉकर होतं तिथे सेफ मोडच्या दारातच ४८ आकडे मागितले गेले. हजारो मशीन असलेल्या कंपन्यांमध्ये आयटीवाले एकेका टेबलाजवळ जाऊन फोनवर आकडे ऐकत टाइप करत होते. काही ठिकाणी तर किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोच सर्व्हर पडलेला होता.

त्या दिवशी एन्क्रिप्शन कुठेही तुटलं नाही. तुटली ती किल्ल्यांची व्यवस्था. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर दोन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आपल्या ऑफिसांचं काय?

पुढचा मुद्दाही डोळ्यांसमोर ठेवा. सिक्युअर बूटची मायक्रोसॉफ्टची मूळ प्रमाणपत्रं २०११ सालची आहेत. त्यांची मुदत जून २०२६पासून संपायला लागते, बूट मॅनेजरशी संबंधित प्रमाणपत्राची ऑक्टोबर २०२६मध्ये. त्यांच्या जागी २०२३ची नवी प्रमाणपत्रं अपडेटमधून बसवली जातात, काही मशीनना त्यासाठी कंपनीचा बायोस अपडेटही लागतो. बहुतेकांच्या मशीनवर हे काम न कळत पार पडेल. पण वॉचमनचं रजिस्टर ज्या गोष्टींवर चालतं त्याच गोष्टी इथे बदलतात. म्हणून अशा काळात किल्ली हाताशी असलेली बरी.

निळी स्क्रीन आली तर काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते सांगतो. फॉरमॅट करायचा नाही. 'रिसेट'वर क्लिक करायचं नाही. दुकानात देऊन "काहीही करून चालू करा" म्हणायचं नाही, कारण काहीही करून चालू करण्याचा एकच मार्ग असतो आणि त्यात तुमचा सगळा डेटा जातो.

आता क्रमानं:

१. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. त्यावर 'रिकव्हरी की आयडी' असतो. त्याची पहिली आठ अक्षरं महत्त्वाची. एकाच अकाउंटमध्ये दोन-तीन किल्ल्या असू शकतात. कोणती या ड्राइव्हची ते त्या आठ अक्षरांवरून कळतं.

२. विंडोज ११ २४एच२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर स्क्रीनवर ईमेलचा अर्धवट झाकलेला इशाराही दिसतो. किल्ली कुणाच्या अकाउंटमध्ये आहे हे शोधायला तो फार उपयोगी.

३. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर स्क्रीनवर दिलेला पत्ता उघडा आणि त्या ईमेलनं साइन-इन करा. तुमचा नसेल तर मुलाचा, भावाचा, ज्यानं सेटअप केला त्या दुकानदाराचा बघा. ऑफिस किंवा कॉलेजचा ईमेल असेल तर तिथल्या आयटी विभागाला आयडी कळवा.

४. किल्ली मिळेपर्यंत हातानं झालेला बदल उलटवून बघा. लावलेला पेनड्राइव्ह, डॉक, बाहेरची हार्ड डिस्क काढा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद झालं असेल तर चालू करा. टीपीएम बंद असेल तर चालू करा. इंटेलच्या मशीनवर त्याला 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' म्हणतात. बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. मोजमाप पुन्हा पूर्वीसारखं झालं तर की न टाकताही विंडोज उघडू शकतं. पण टीपीएम 'क्लिअर' मात्र करू नका.

५. आकडे टाकताना वरच्या ओळीतले आकडे चालेनात तर एफ-१ ते एफ-९ ही बटणं १ ते ९साठी आणि एफ-१० शून्यासाठी वापरता येतात.

६. उघडल्यानंतरही दर वेळी की मागत असेल तर प्रो आवृत्तीत बिटलॉकर एकदा 'सस्पेंड' करून पुन्हा 'रिझ्यूम' करा. त्यामुळे टीपीएम आजचं मोजमाप नव्यानं नोंदवून घेतो.

कागदावर लिहिलेली की चुकतेय असं वाटलं तर एक गणिती तपासणी आहे. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११नं निःशेष भाग जातो. शाळेतली ११ची कसोटी आठवा. पहिला अंक वजा दुसरा, अधिक तिसरा, वजा चौथा असं करत जायचं. उत्तर ० किंवा ११च्या पटीत यायला हवं. उदाहरणार्थ १३५७९५ : १ – ३ + ५ – ७ + ९ – ५ = ०. गट बरोबर. पहिला १ हा ७ म्हणून वाचला तर उत्तर ६ येतं, म्हणजे वाचण्यात चूक आहे. घाईघाईत लिहिलेल्या १ आणि ७मधला गोंधळ असा घरबसल्या पकडता येतो.

आणि किल्ली कुठेच मिळाली नाही तर? तर डेटा गेला. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्या आठ गटांत मिळून १२८ बिटांची किल्ली असते, म्हणजे शक्यता ३४ आणि त्यापुढे ३७ शून्यं इतक्या. डेटा रिकव्हरीवाल्याकडे कितीही महागडं यंत्र असो, त्याला डिस्कवर फक्त कचरा दिसेल. मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही नवी की बनवून देऊ शकत नाही. "आमच्याकडे बिटलॉकर तोडायचं सॉफ्टवेअर आहे" असं कुणी म्हणालं तर आगाऊ पैसे देऊ नका.

विचारून लावलेलं कुलूप कसं असतं?

याच कामाचं व्हेराक्रिप्ट हे मुक्त सॉफ्टवेअर बघा. २०१४च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्ट अचानक बंद झालं, त्याच्याच कोडवर त्याआधीच सुरू झालेलं हे काम. सिस्टिम ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायला सांगितलं की ते लगेच सुरुवात करत नाही. आधी पासवर्ड ठरवायला लावतं, मग 'रेस्क्यू डिस्क' बनवायला लावतं आणि मग 'प्रीटेस्ट' घेतं. म्हणजे एकही फाइल एन्क्रिप्ट न करता मशीन रिस्टार्ट होते आणि तुम्ही पासवर्ड टाकून आत येऊ शकता का हे तपासलं जातं. ही परीक्षा नापास झाली तर काहीच बिघडत नाही, विंडोज पूर्वीसारखं उघडतं.

इथे नापास होण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. काही लॅपटॉपचं फर्मवेअर बूटचा क्रम पाळतच नाही आणि थेट विंडोज बूट मॅनेजरकडे जातं, त्यामुळे व्हेराक्रिप्टचा लोडर चालतच नाही. बायोसमध्ये क्रम बदलून पाहा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरही हा क्रम बदलू शकतो, आणि तेव्हा ड्राइव्ह आधीच एन्क्रिप्ट झालेला असतो. विंडोजला तो ओळखता येत नाही म्हणून ते रिपेअर करू पाहतं. तो रिपेअर थांबवायचा आणि रेस्क्यू डिस्कच्या पेनड्राइव्हवरून बूट करायचं. दुसरं कारण कीबोर्डचं. पासवर्ड विचारला जातो तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच असतो. मराठी कीबोर्डवरचा पासवर्ड इथे चालणार नाही.

व्हेराक्रिप्ट सगळ्यांनी वापरावं असं मी म्हणत नाही. ते जास्त लक्ष मागतं. पण त्याची पद्धत बघा: आधी विचार, मग पर्यायी किल्ली, मग चाचणी, आणि शेवटी कुलूप. विंडोजच्या आपोआप चालणाऱ्या एन्क्रिप्शननं यातल्या वापरणाऱ्याला दिसणाऱ्या सगळ्या पायऱ्या गाळल्या आहेत. साइन-इन करताना एक साधी स्क्रीन दाखवायला काय हरकत होती? "तुमचा ड्राइव्ह कुलूपबंद होतोय, किल्ली या ईमेलवर ठेवतोय, कागदावर हवी का?" एवढंच. पण सोय या नावाखाली ही माहितीच वगळली गेली.

दुकानं, ऑफिसं आणि नवा कायदा

जरीपटका म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी इथला बाजार उभा केला, आणि आज त्या बाजारातली वहीखाती टॅलीवर आहेत. कर सल्लागार, दवाखाने, क्लासेस यांच्या एका-दोन लॅपटॉपमध्ये शेकडो लोकांचे पॅन, आधार, तपासणीचे रिपोर्ट, मोबाईल नंबर असतात. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी, अशा लॅपटॉपवर निळी स्क्रीन आली तर एका ऑफिसाबरोबर त्याच्या सगळ्या अशिलांचं काम अडतं.

यात आता कायद्याची बाजूही आली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतात. लोकांचा डेटा सांभाळणाऱ्यानं वाजवी सुरक्षा ठेवायची आहे आणि नियमांत त्यासाठी एन्क्रिप्शनचं नाव आहे. सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. साहजिकच "ऑफिसचे लॅपटॉप एन्क्रिप्ट करून घ्या" असा सल्ला सगळीकडे दिला जाईल, आणि तो बरोबरच आहे.

पण त्याच कायद्यात डेटा भंगाची व्याख्या वाचा. डेटा चोरीला जाणं तर त्यात आहेच. डेटा चुकून नष्ट होणं किंवा तो आपल्या हाताबाहेर जाणं, तो उघडताच न येणं, हेही त्यात धरलं आहे. नियमांमध्ये अशा वेळी काम चालू राहावं म्हणून बॅकअपचाही उल्लेख आहे. याचा सरळ अर्थ मी असा लावतो: एन्क्रिप्शन केलं, किल्ली हरवली आणि बॅकअप नव्हता, तर तुम्ही चोरीपासून वाचलात पण भंगाच्या व्याख्येत अडकू शकता. ज्याला सुरक्षेचा उपाय म्हटलं तोच अर्धवट केला तर अपघात ठरतो. एन्क्रिप्शनचा सल्ला देणाऱ्यानं म्हणून किल्ली आणि बॅकअप यांचाही हिशेब एकाच दमात सांगायला हवा.

किल्ली मायक्रोसॉफ्टकडे ठेवणं बरं का?

हा प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२६मध्ये 'फोर्ब्स'नं बातमी दिली की ग्वाममधल्या एका घोटाळ्याच्या तपासात मायक्रोसॉफ्टनं वॉरंटनंतर एफबीआयला तीन लॅपटॉपच्या बिटलॉकर किल्ल्या दिल्या. यात तंत्रज्ञानाच्या दृष्टीनं नवल काहीच नाही. किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याकडे ती मागता येते.

माझं मत सांगतो. पत्रकार, वकील, किंवा ज्यांना सरकारी मागणीचा खरोखर विचार करावा लागतो अशांनी किल्ली कागदावर घ्यावी आणि अकाउंटमधली काढून टाकावी. सामान्य घराला खरा धोका लॅपटॉप रेल्वेत चोरीला जाण्याचा आणि किल्ली हरवण्याचा आहे. त्यांनी किल्ली अकाउंटमध्ये राहू द्यावी, पण अकाउंट स्वतःचं असावं आणि कागदावर एक प्रत असावी.

एन्क्रिप्शन बंदच करून टाकावं का? लॅपटॉपवर नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. एन्क्रिप्शन नसेल तर तुमचा विंडोजचा पासवर्ड तिथे काहीच अडवत नाही. मात्र घरातच राहणारा आजी-आजोबांचा डेस्कटॉप, ज्यात फक्त फोटो आहेत आणि ज्याची किल्ली सांभाळणारं कुणी नाही, तिथे ते विचारपूर्वक बंद ठेवणं मला चुकीचं वाटत नाही.

आजच करायच्या पाच गोष्टी

१. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा आणि 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. प्रो असेल तर स्टार्टमध्ये 'बिटलॉकर' शोधा.

२. चालू असेल तर कंट्रोल पॅनेलमधून रिकव्हरी कीचा बॅकअप घ्या आणि प्रिंट काढा. प्रिंटर नसेल तर हातानं लिहा आणि ११ची कसोटी लावून तपासा.

३. तो कागद घरटॅक्सच्या पावत्या आणि मार्कशीट ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायचा नाही. चोराला कुलूप आणि किल्ली एकत्र मिळतील. कीची फाइल त्याच सी ड्राइव्हवर ठेवण्यातही काही अर्थ नाही.

४. लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या ईमेलनं सेटअप झाला असेल तर किल्ली आधी कागदावर घ्या, मग स्वतःच्या अकाउंटनं साइन-इन करा आणि तिथे ती दिसते का ते वेबसाइटवर जाऊन खात्री करा. एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून तुमच्या अकाउंटवर पुन्हा चालू केलं तर नवी की तयार होते, जुनी निकामी होते.

५. बायोस अपडेट किंवा मदरबोर्डची दुरुस्ती करण्याआधी प्रोमध्ये बिटलॉकर सस्पेंड करा. होममध्ये किमान किल्ली हातात आहे याची खात्री करा. आणि या सगळ्याआधी टॅली, फोटो, कागदपत्रांचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. किल्ली हरवली तर बॅकअप वाचवतो. डिस्कच जळली तर मात्र किल्लीचा उपयोग शून्य.

दुकानदारांना एक विनंती. सेटअप गिऱ्हाईकासमोर, त्याच्याच ईमेलनं करा आणि ४८ आकड्यांचा कागद बिलाला पिन करून द्या. दोन मिनिटं जास्त लागतील. पण सहा महिन्यांनी तोच गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारेल, "माझे पाच वर्षांचे हिशेब कुठे गेले?" त्या प्रश्नाला तेव्हा तुमच्याकडे किंवा माझ्याकडे काहीही उत्तर नसेल.